भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून शासकीय पातळीवर पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने ठाण्याच्या खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत शाळा-महाविद्यालयांच्या सहली दुर्बिणी घेऊन किनाऱ्यावर उतरतात. या सहलींमागील हौस खरी असते आणि ती वाढीस लागणे इष्टही आहे. परंतु त्यांची वेळ शाळेच्या घंटेवर आणि बसच्या सोयीवर ठरते, पाण्याच्या चढउतारावर नव्हे. परिणामी अनेक मुलांना पहिल्या भेटीत नुसते पाणी दिसते, आणि ‘आज पक्षी आलेच नाहीत’ असा समज घेऊन ती घरी परततात. पक्षी आलेले असतात, पण ते दुसरीकडे असतात. ते नेमके कुठे असतात, हा प्रश्न किनाऱ्यावरील निसर्गशिक्षणात क्वचितच विचारला जातो आणि संवर्धनाच्या धोरणात तर त्याला जवळजवळ स्थानच नाही.

भरती-ओहोटीचे गणित कोकणातील कोळी आणि खारवी कुटुंबांना पाठ असते व त्यासाठी छापील तक्ता लागत नाही. चंद्राच्या तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा तो जुना ठोकताळा असून मुंबईच्या परिसरात तो अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर ठरतो. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरते आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. एकादशीला हीच भरती सव्वाआठला येते, म्हणजे त्या दिवशी सकाळी आठला खाडीवर पोहोचलेल्या वर्गासमोर चिखलाचा मागमूसही नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो, त्याला भांग म्हणतात. इयत्ता पाचवीच्या मुलाला जमेल एवढेच हे अंकगणित आहे. तरीही पक्ष्यांची शंभर नावे पाठ करून घेणाऱ्या शिबिरांमध्ये ते शिकवले जात नाही, ही गोष्ट आश्चर्याची म्हणावी लागेल.

हे गणित महत्त्वाचे ठरते ते चिखलामुळे. ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला बुडणारा जो सपाट, मऊ पट्टा असतो, त्याला चिखलपट्टा म्हणता येईल. दुरून तो ओसाड दिसतो, पण त्याच्या वरच्या काही बोटांच्या थरात वलयांकित कृमी, चिंबोऱ्यांची पिल्ले, बारीक शिंपले आणि गोगलगायी यांची दाट वस्ती असते. या वस्तीवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या चोची पाहिल्या की चिखलाची खोली मोजता येते. आखूड चोचीचा चिखल्या आपल्या मोठ्या डोळ्यांवर विसंबतो. तो चार पावले धावतो, थबकतो, पृष्ठभागावर काही हलले की टिपतो आणि पुन्हा धावतो. तुतारीची चोच जरा लांब असते आणि तिच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी संवेदनशील इंद्रिये असतात, त्यामुळे ती शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात भराभर टोचत पुढे सरकते व न दिसणारे भक्ष्यही शोधून काढते. कोरल या पक्ष्याची खाली वाकलेली चोच मादीत सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि ती चिंबोरीच्या बिळाच्या वळणात शिरते. एकाच चिखलावर हे सारे एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवतात, कारण प्रत्येकाचा मजला वेगळा असतो. चिखलाच्या काठावर उकिडवी बसून तिसऱ्या आणि शिवल्या वेचणारी कोळीण याच मजल्यांपैकी एकावर काम करत असते, हेही सांगायला हवे. चिखल कोणत्या भागात मऊ झाला, कुठे गाळ साचून घट्ट झाला आणि कुठले शिंपले दिसेनासे झाले, याची तिच्याकडील माहिती बहुतेक अहवालांहून ताजी असते.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हा या चिखलावरचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा. तो डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पडद्यांतून अन्न गाळून घेतो. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्यांमध्ये बहुसंख्य असलेला लहान रोहित मुख्यतः नीलहरित शैवालावर जगतो, मोठा रोहित मात्र कवचधारी बारीक जीवही खातो. हे शैवाल महानगराच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसले जाते. म्हणून खाडीतील गुलाबी गर्दी हे खाडी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र समजणे भाबडेपणाचे आहे. छायाचित्रांमुळे सारे कौतुक या एकाच पक्ष्याच्या वाट्याला जाते, आणि त्याच चिखलावर वावरणारी, जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम वजनाची, उत्तर सायबेरियातील टुंड्रा प्रदेशातून आलेली बाकदार चोचीची तुतारी कोणाच्या लक्षातही येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये याच तुतारीची आणि करड्या चिखल्याची नोंद ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) या गटात केली. रोहिताच्या महोत्सवांमध्ये या बातमीचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

आता मूळ प्रश्न. पाणी चढू लागले की पट्टा अरुंद होत जातो, पक्षी काठाकडे ढकलले जातात आणि पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी ते निरीक्षकाच्या सर्वांत जवळ येतात. जाणत्या निरीक्षकांची सहल याच वेळेला असते. त्यानंतर चिखल पूर्ण बुडतो आणि थवे उडून अशा जागी जातात जिथे पाणी उथळ आहे, समोरचे लांबवर दिसते आणि कुत्री-माणसे फिरकत नाहीत. या जागेला भरतीकाळातील विश्रांतीस्थळ म्हणतात. मिठागरांचे वाफे, खाडीलगतची उथळ तळी, खारबंदिस्तीच्या आतली पडीक शेते, वाळूचे मोकळे दांडे या त्याच्या नेहमीच्या जागा. पक्षी तेथे चार-पाच तास एका पायावर उभे राहतात, पिसे नीट करतात, झोपतात. बघणाऱ्याला त्यात काही घडताना दिसत नाही, पण त्या निवांतपणाला स्थलांतराच्या हिशेबात मोठी किंमत असते. मध्य आशियाई उड्डाणमार्ग, म्हणजे सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जाणारी स्थलांतराची वाट, पार करायची तर परतीच्या प्रवासापूर्वी चरबी साठवावी लागते. विश्रांतीच्या वेळी वारंवार उठावे लागले, किंवा चिखलापासून विश्रांतीची जागा लांब पडली, तर ओहोटीत मिळवलेले अन्न भरतीत पंख हलवण्यातच खर्च होते.

कायद्याचे लक्ष मात्र या चक्राच्या अर्ध्याच भागावर आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. त्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर खारफुटी आणि उरलेले पाण्याचे क्षेत्र आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला आणि त्यात आसपासचा टापू धरून क्षेत्र ६,५२१ हेक्टरांवर गेले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्ट्यांना संवेदनशील मानले आहे, आणि खारफुटीची तोड ही जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. याउलट पाणथळ संवर्धनाच्या २०१७ च्या नियमांनी मीठ पिकवण्यासाठी खास तयार केलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. ज्या मिठागरांवर दर भरतीला हजारो पक्षी उभे राहतात, त्यांना या नियमांच्या दृष्टीने पाणथळ म्हणून अस्तित्वच नाही. भांडुप, नेरूळ, उरणजवळील पाणजे यांसारख्या जागांना अभ्यासक अभयारण्याच्या उपग्रह पाणथळी म्हणतात, कारण त्या मुख्य खाडीशी जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावाचून खाडीचे काम चालत नाही. पण त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत.

याचे परिणाम गेल्या काही वर्षांत उघड झाले. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजल्याने तो आटत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे रोहित मृत व जखमी अवस्थेत आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि ३० हून अधिक रोहित मरण पावले; ते त्या वेळी, त्या उंचीवर का होते, याविषयी मतभेद आहेत आणि एका अपघातावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला, ही स्वागतार्ह बाब आहे, मात्र पाणथळीत दर्जाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उघाडी, म्हणजे बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार. ते कोण उघडणार आणि कोण साफ ठेवणार, हे ठरले नाही तर राखीव क्षेत्रही आटू शकते. मुंबईतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनातील भाडेघरांसाठी वापरण्याचा निर्णय २०२४ मध्येच झाला. या जमिनींपैकी काहींत आता भरती येत नाही, हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. पण भरती तेथवर का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा रस्त्यांच्या भरावात आणि बुजलेल्या नाल्यांत सापडते.

शाळांच्या उपक्रमांमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेल्या खारफुटी लागवडीचाही येथे विचार व्हायला हवा. जिथे खारफुटी तोडली गेली तिथे ती पुन्हा वाढवणे योग्यच आहे. परंतु मोकळा चिखलपट्टा रिकामा दिसतो म्हणून त्यावर रोपे लावली, की काही वर्षांत तुतारी आणि कोरल यांचे जेवणाचे ताट झाकले जाते. ठाण्याच्या खाडीत गाळ साचून खारफुटी आपणहून चिखलावर पसरत आहे, तिथे या हौसेची गरजच नाही.

दक्षिण कोकणात प्रश्नाचे रूप बदलते. तेथे खाडीइतकाच वाळूचा किनारा महत्त्वाचा असतो. कुरव आणि सुरय यांचे थवे भरतीला पुळणीच्या रुंद, निर्जन टोकावर उतरतात आणि नेमक्या त्याच टोकावर पर्यटकांच्या गाड्या वाळू उडवत फिरतात. एका थव्याला सकाळभरात अनेकदा उठवले जाते, आणि उठवणाऱ्यांपैकी काहीजण छायाचित्रासाठी उडता पक्षी हवा म्हणून मुद्दाम धावणारे असतात, हे पक्षिनिरीक्षकांनी स्वतःच्या पंक्तीतही तपासून पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे संरक्षण गावकऱ्यांच्या हाती सोपवले आणि पुढे त्यातूनच घरगुती पर्यटन उभे राहिले. पुळणीचे पाचशे पावलांचे एक टोक नोव्हेंबर ते मार्च गाड्यांना बंद ठेवण्याची व्यवस्था याच धर्तीवर करता येईल, आणि तिला ग्रामसभेच्या ठरावापलीकडे फारसा खर्च नाही.

शिक्षणाची दिशा यातून ठरते. किनारी पक्ष्यांची विश्वासार्ह मोजणी पूर्ण भरतीला विश्रांतीस्थळीच होते, कारण ओहोटीला ते मैलोन्‌मैल पसरलेले असतात. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही किनाऱ्यावर हीच पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक किनारी शाळेने आपल्या परिसरातील एकच तळे, एकच मिठागर किंवा पुळणीचे एकच टोक निवडावे आणि दर उधाणाला तेथे तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाण्याची खोली, उघाडी उघडी की बंद, आणि उभ्या पक्ष्यांची ढोबळ संख्या एका वहीत लिहावी. जाती ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. ‘लांब चोचीचे’ आणि ‘आखूड चोचीचे’ एवढे दोन रकाने सुरुवातीला पुरेसे आहेत. एखाद्या तळ्यावर भराव घालण्याचा प्रस्ताव जनसुनावणीस येतो, तेव्हा तेथे पाणी साचत नाही आणि पक्षी येत नाहीत हे विधान त्यात हमखास असते. त्याला उत्तर द्यायला एक-दोन सुंदर छायाचित्रे अपुरी पडतात, पाच वर्षांच्या सलग, तारीखवार नोंदी मात्र विचारात घ्याव्या लागतात.