पिकाला सल्ला, मग मनाला का नको?

शेतकरी बंधूंनो, कपाशीची पाती गळू लागली की तुम्ही झाड उपटून आमच्याकडं घेऊन येता. पण रात्र-रात्र झोप लागत नाही, घास गिळवत नाही, तेव्हा कुठं जाता? बहुतेक जण कुठंच जात नाहीत. ‘लोक येडा म्हणतील’ ही एक अडचण. जायचं कुठं हे ठाऊक नसणं ही दुसरी.

सोय आहे. २०१५ साली शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही मराठीतून, फुकट बोलता येतं. पुढं गरज लागली तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. गावातल्या आशाताईंनाही विचारा.

समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही, हे खरंच. त्याची जबाबदारी शासनाची, ती सुटत नाही. पण डोकं ठिकाणावर असेल तर बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचं बोलता येतं, पीक विम्याची तक्रार वेळेत देता येते.

आणि घरच्यांनो, कुणी गप्प-गप्प राहू लागलं तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा. चावी आपल्याजवळ ठेवा आणि त्याच्याजवळ बसा.