निमित्त कुणाचं, भोग कुणाला?

मैत्रिणींनो, परवा बचत गटाची बैठक संपली आणि टीव्हीवर 'देवदास' लागला. शाहरुख खानचा, २००२ सालचा. त्याने बाटली तोंडाला लावली तशी एकीने पदर डोळ्यांना लावला. "काय करील बिचारा, पारो मिळाली नाही ना!" तिच्या शेजारची मात्र गप्प. तिचा नवरा बारा वर्षं पितोय. निघताना हळूच म्हणाली, "ताई, ह्याला बायको मिळाली नाही म्हणून हा पितो. आमच्याकडे मी मिळाले म्हणून पितात, असं सासूबाई म्हणतात."

रात्रभर तिचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

व्यसनावरचा सिनेमा असो की नाटक, सुरुवातीला एक घटना लागतेच. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. देवदासच्या घरच्यांनी पारोला नाकारलं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या सुधाकर वकिलाचा कोर्टात अपमान झाला, सनद काही काळापुरती गेली आणि तळीरामने दुःख विसरायला एक प्याला पुढे केला. १९१९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. पण गडकरी अपमानापाशी थांबत नाहीत. दळण दळून संसार ओढणारी सिंधू दाखवतात, तिचं लेकरू जातं तेही दाखवतात. अपमान एका दिवसाचा, प्याला मात्र सगळं घर गिळून बसतो.

आपल्या बीड जिल्ह्यात पहिला प्याला कसा येतो? ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून उचल मिळते, त्या आनंदात बाटली उघडते. फडावर गेल्यावर अंग दुखतं म्हणून. गावी परतल्यावर उचल फिटली नाही म्हणून. निमित्त दरवेळी नवं, बाटली तीच. आणि त्याच फडावर कोयत्यातली दुसरी, म्हणजे बायको, मोळ्या वाहते, भाकरी थापते, लेकरू सांभाळते. अंग तिचं दुखत नाही का? तिला कुणी निमित्त देत नाही.

सिनेमात निमित्त दाखवावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात आपण तेच शोधत बसतो, "माझंच काही चुकलं का?" म्हणून स्वतःला कोसतो. नाही गं बाई! डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं ते व्यसन हा आजार आहे हे धरून. आजाराला औषधोपचार लागतात, गुन्हेगार बायको लागत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र अचानक सोडली तर झटकेही येऊ शकतात, म्हणून शपथा घालण्याआधी डॉक्टर गाठा.

यापुढे "का पिता?" हा प्रश्न सोडून द्या. त्याची उत्तरं त्यांच्याकडे ढीगभर असतात. "दवाखान्यात कधी जायचं?" एवढंच विचारा. आणि शेजारणीला नावं ठेवणारी सासू दिसली, तर तिला सिंधूची गोष्ट सांगा.