दारावरची नोटीस आणि हातातले साठ दिवस

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘ताबा सूचना’ बहुतेक वाचक न वाचताच उलटतात. कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून पत्नीचे, जामीनदार म्हणून मेहुण्याचे किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याचे, थकलेली रक्कम आणि शेवटी सदनिकेची चतुःसीमा. वर्षानुवर्षे हप्ते भरून उभा केलेला संसार आठ-दहा ओळींत मावतो. हे नाव छापून येते त्या दिवशी नातेवाइकांना प्रथमच कळते की, या घरात काही बिनसले होते. वास्तविक त्यांना हे निदान पाच महिने आधी कळायला हवे होते. मध्यमवर्गीय कुटुंब थकलेला हप्ता आजारासारखा लपवते. अब्रूच्या भीतीने पाळलेले हे मौन अखेर अब्रू तर वाचवत नाहीच, उलट घर वाचवण्याचे दिवस मात्र खाऊन टाकते.

ज्या कायद्यान्वये ही जप्ती होते, तो ‘सरफेसी’ कायदा 2002 साली आला. तोपर्यंत तारण मालमत्ता विकायची तर बँकेला न्यायालयाची किंवा 1993 च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागे. शेकडो कोटी बुडवून निर्धास्त राहणाऱ्या उद्योगपतींना चाप बसावा, ही त्यामागची भावना रास्तच होती. मर्डिया केमिकल्सच्या खटल्यात 8 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मात्र, दाद मागण्यापूर्वी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द ठरवली आणि कर्जदाराच्या हरकतीला बँकेने कारणांसह उत्तर दिले पाहिजे, असे बजावले. सहकारी बँकांनाही हे अधिकार आहेत, हे कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणात मे 2020 मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. अशा रीतीने बड्या थकबाकीदारांसाठी घडवलेले शस्त्र दोन खोल्यांच्या सदनिकेपर्यंत येऊन पोहोचले.

त्याची चाल ठरलेली आहे. थकबाकी 90 दिवसांहून जुनी झाली की, खाते अनुत्पादक ठरते. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. ‘मध्ये एक हप्ता भरून टाकला, आता चिंता नाही’ असे अनेकांना वाटते. पण रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे व्याजासह सर्व थकबाकी चुकती झाल्याशिवाय खाते पूर्वपदावर येत नाही. त्यानंतर येते ती कलम 13(2) ची, साठ दिवसांची नोटीस. तिच्यात मागणी असते ती चुकलेल्या तीन-चार हप्त्यांची नव्हे, तर संपूर्ण कर्जाची. तो आकडा पाहूनच घरातला कर्ता माणूस खचतो आणि कागद कपाटात जातो.

वस्तुतः हे साठ दिवसच सर्वांत मोलाचे असतात. या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. हरकत म्हणजे दयेचा अर्ज नव्हे. भरलेला हप्ता जमा दाखवला आहे काय, बदलत्या दराने व्याज नीट आकारले आहे काय, दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावले आहे काय (रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकाने ही शेवटची प्रथा बंद केली आहे), हे मुद्दे खातेउताऱ्यावर बोट ठेवून मांडायचे असतात आणि पत्राची पोच जपून ठेवायची असते. सोसायटीत एखादा निवृत्त बँक कर्मचारी असतोच; पण त्याला विचारायचे तर आधी तोंड उघडावे लागते!

मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती बँक मान्य करीलच असे नाही. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये म्हटले आहे. उत्पन्नाचा मार्गच बंद झाला असेल, तर घर स्वतः विकणे हा कटू असला तरी बहुधा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. नोटिशीनंतर त्यासाठी बँकेची लेखी संमती लागते. पण ग्राहक हाताशी असेल, तर ती नाकारण्यात बँकेचेही हित नसते. लिलावात बोली लावणारा ताब्याची कटकट आणि सोसायटीची थकबाकी हिशेबात धरूनच किंमत सांगतो.

साठ दिवस उलटले की, बँक दारावर सूचना चिकटवून सांकेतिक ताबा घेते. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकारी किंवा मुंबईसारख्या महानगरात मुख्य महानगर दंडाधिकारी यांची मदत घेतली जाते. ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. दिवाणी न्यायालयात धाव घेऊन उपयोग नाही. तो दरवाजा कायद्यानेच बंद केला आहे. उलटपक्षी कर्जाचा मोठा भाग फिटून 20 टक्क्यांहून कमी येणे उरले असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

2016 च्या दुरुस्तीने मात्र घरमालकाचा एक मोठा आधार काढून घेतला. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत सर्व पैसे भरून घर सोडवता येई. आता लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होताच तो हक्क संपतो आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. त्याच 2016 साली आलेल्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना वसुलीपासून काही काळ संरक्षण आणि कर्जात सवलतीची वाट दिली. व्यक्तींसाठीचा तिचा भाग 2019 मध्ये लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जांच्या हमीदारांपुरताच. कारखान्याला जी उसंत मिळते, ती कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराच्या घराला का मिळू नये, हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे.

दुसरी मागणी साधी आहे. ताब्याची सूचना स्थानिक भाषेच्या वृत्तपत्रात छापणे नियमाने बंधनकारक आहे. कर्जदाराच्या हाती पडणारी साठ दिवसांची नोटीस मात्र बहुधा इंग्रजीत असते. घर गेल्याचे शेजाऱ्यांना मराठीत कळवायचे आणि घर वाचवण्याची मुदत त्याच्या मालकाला इंग्रजीत सांगायची, हा उफराटा न्याय झाला. रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने तो सरळ करावा.

लिलावानंतर देणे आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदाराला परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. तिचा हिशेब लेखी मागावा. रक्कम अपुरी पडली, तर उरलेल्या देण्यासाठी बँक न्यायाधिकरणात जाऊ शकते, आणि तेव्हा नोटीस त्या मेहुण्याच्या किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याच्या दारी येते.