कॅमेरा राहू द्या, आधी माईक घ्या



मे अखेरीस संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावायचा व्हिडिओ टाकला होता. चित्र एकदम साफ. दुसऱ्या दिवशी काटोलकडच्या एका पोराचा फोन, "काका, पाणी दहा लिटर म्हणले का शंभर?" मी ऐकून पाहिलं तं नुसता वारा घोंघावून राहिला होता.

हा फरक लहान नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना अन् 10 लिटर पाणी, हा खोडाला लावायचा मलम. तेच 100 लिटर पाण्यात केलं की फवारणीचं एक टक्का मिश्रण. दहावालं कोणी पानावर मारलं तं पानं करपायला वेळ लागणार नाही. त्यानं विचारलं म्हणून बरं. ज्यानं विचारलं नसेल, त्याचं काय?

म्हणून म्हणतो, नवीन कॅमेऱ्याच्या मागे लागू नका, बाहेरून जोडायचा माईक घ्या. अन् तोही कॉलरवाला. बर्डीवरच्या एका दुकानदारानं मला कॅमेऱ्यावर बसवायचा लांबट माईक दाखवला, किंमत कितीतरी पट. पण तो बसते कुठं? कॅमेऱ्यावरच ना! आपण झाडापाशी दहा हात दूर गेलो की आवाज पडलाच. कॉलरवाला तोंडापासून एक वीत राहते अन् आपल्यासंगंच फिरते.

दुकानात जाताना हँडीकॅम सोबत न्या. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना माईकची पिन लावायला जागाच नसते. पिनेवरचे काळे पट्टे मोजा: मोबाईलच्या पिनेला तीन, कॅमेऱ्याच्या पिनेला दोन. काही माईकवर मोबाईल-कॅमेरा असं बटन असते, तो दोन्हीकडे चालते. त्यातला बटन सेल एखादा जास्तीचा ठेवा.

वायरलेस सोयीचा आहे, पण चार्जिंग आलं, अन् आमच्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहे. मी 6 मीटर वायरीचा घेतला. म्हणजे बागेत एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत. फांदीत अडकते, तेवढं सांभाळा.

सोबत येणारी स्पंजची टोपी उघड्या वावरात पुरत नाही. वर केसाळ टोपी पाहिजेच. अन् कानाला हेडफोन लावून आधी अर्धा मिनिट ऐका. कॅमेऱ्याला हेडफोनची जागा नसेल तर रेकॉर्ड करून ऐका. कृषी सहायक साहेब, शिवारफेरीचे व्हिडिओ टाकता तेव्हा तुम्हीसुद्धा.

जुना व्हिडिओ काढून टाकला आहे. कोणी डाऊनलोड केला असेल तर पुसा. नवा उद्या सकाळी वारा पडलेला असताना काढतो, प्रमाण पाटीवर लिहून.