कान लेकीचे, निर्णय कोणाचा?

गेल्या वर्षी आमच्या नातीचा स्नानसंस्कार झाला. चर्चमधील विधी आटोपून मंडळी घरी आली, चहा-फराळ झाला आणि मग सवयीप्रमाणे सर्वांच्या नजरा बाळाच्या कानांकडे वळल्या. "पोरीचे कान अजून बुचेच?" नात्यातील एका वयोवृद्ध बाईंनी विचारले. दुसरीने पुस्ती जोडली, "पाचवा महिना सरला. आता पाळी टणक होईल, मग पोर रडून घर डोक्यावर घेईल." कोणी सोनार सुचविला, कोणी सोन्याच्या तारेचा भाव सांगितला. माझी लेक शांतपणे एवढेच म्हणाली, "ती मोठी होऊन सांगेल, तेव्हा टोचू." बैठकीत अशी स्तब्धता पसरली, जणू तिने मुलीला स्नानसंस्कारच नाकारला होता!

प्रांजळपणे सांगते, त्या घडीला माझीही मान नातलगांच्या बाजूने हलली होती. लेकीने वाद घातला नाही. तिने फक्त आपल्या डाव्या कानाच्या पाळीला हात लावला. ती पाळी दुभंगलेली आहे. ती कशी दुभंगली हे तिला आठवत नाही, मला आठवते. ती पाच महिन्यांची असताना ऐन पावसाळ्यात आम्ही बाजारातील एका दुकानात तिचे कान टोचून घेतले. चार दिवसांत कानाने पाणी धरले. आम्ही हळद लावली, खोबरेल लावले, कडुलिंबाची काडी घातली. पाळी सुजलेलीच राहिली आणि एके रात्री दुपट्याच्या धाग्यात बाळी अडकून ती फाटली. डॉक्टरांनी टाके घातले. खूण मात्र जन्माची राहिली. शाळेच्या वयात ती केस कानावर ओढून घेई. एकदा तिने मला विचारले होते, "आई, तेव्हा मला कोणी विचारलं होतं?" तीस वर्षे शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या माझ्याकडे या एका प्रश्नाला उत्तर नव्हते.

म्हणून हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: कान टोचण्याला माझा विरोध नाही, ज्याचे कान आहेत त्याचा शब्द घेण्याआधी ते टोचण्याला आहे. आणि हे म्हणणे मी परक्यांकडून उसने आणलेले नाही. ते आपल्याच पवित्र ग्रंथातून आणि आपल्याच ख्रिस्तसभेच्या शिकवणीतून मला उमगले आहे.

प्रथम परंपरेचा विचार करू. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक मानला गेला आहे. सुश्रुतसंहितेत सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बालकाचे कान टोचावेत, मुलाचा उजवा व मुलीचा डावा आधी टोचावा, असा निर्देश आहे. हा आधार आपली मंडळीही कौतुकाने देतात. परंतु त्याच अध्यायात कानाच्या फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या पंधरा पद्धती दिल्या आहेत, हे कोणी सांगत नाही. ज्या वैद्यांनी टोचायला सांगितले, त्यांना फाटणे ठाऊक होते. शिवाय त्या परंपरेत मुलगा व मुलगी दोघांचेही कान टोचले जात. आपण ख्रिस्ती घरांनी त्यातील मुलग्याचा भाग सोडला आणि मुलीचा तेवढा ठेवला. असे का, याचा विचार कधी केला आहे का? मुलगी ही पहिल्या दिवसापासून दाखविण्याची वस्तू, हेच याचे कारण नव्हे काय?

आणखी एक कारण आहे, ते बोलायला आपण कचरतो. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती घरे थोडी. पाळण्याला शेजारणी येतात, बाळाला मांडीवर घेतात. आधीच आपली प्रार्थना वेगळी, सण वेगळे. त्यात पोरीचे कानही बुचे, मग लोक काय म्हणतील? ही भीती मी अनुभवली आहे, तिला मी हसणार नाही. पण शेजाऱ्यांशी स्नेह जोडायला ताटभर फराळ आणि अडीअडचणीला धावून जाणे पुरेसे असते. त्यासाठी पाच महिन्यांच्या जिवाचे रक्त काढायला हवे, असे कोणत्याही भल्या शेजारणीने मला कधी सांगितलेले नाही.

आता पवित्र ग्रंथाकडे वळू. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात दासाचा कान टोचण्याचा नियम आहे. सहा वर्षांच्या सेवेनंतर सातव्या वर्षी दासाने मुक्त व्हावे. पण धन्यावर व आपल्या बायकामुलांवर प्रेम असल्याने आपल्याला जायचे नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले, तरच त्याला दाराच्या चौकटीशी नेऊन आरीने त्याचा कान टोचावा. हा क्रम वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. आधी दासाचा शब्द, मग आरी. त्या प्राचीन काळी दासालाही विचारल्यावाचून त्याचा कान टोचला जात नव्हता. आणि आपण आपल्या लेकीला विचारीत नाही! ती काय दासाहून कमी?

गेथशेमानी बागेतील प्रसंग तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पेत्राने तलवारीने मल्खाचा कान छाटला. पेत्राचा हेतू वाईट नव्हता, प्रेमाच्या भरात त्याने ते केले. प्रभूने त्याला थांबविले आणि तो कान बरा केला. आपणही लेकरावर प्रेम करतो. प्रेमाच्या भरात केलेल्या जखमेलाही जखमच म्हणतात, एवढे त्या प्रसंगातून मी शिकले.

येथे एक चतुर आक्षेप येतो, आणि तो आमच्या घरच्याच बैठकीत आला. "स्नानसंस्कार देताना तरी बाळाला कुठे विचारतो? मग कानांसाठीच का?" आक्षेप वजनदार आहे. परंतु स्नानसंस्कार ही देवाची कृपा आहे, तो अलंकार नव्हे. त्या कृपेवाचून लेकराला एक दिवसही ठेवू नये, अशी आपली श्रद्धा आहे. सोन्याच्या बाळीविषयी अशी श्रद्धा कोणाची असेल तर त्याने ती खुशाल सांगावी! शिवाय ख्रिस्तसभा आईवडिलांच्या शब्दावर कायमची थांबत नाही. पुढे दृढीकरणाच्या वेळी ती मुलाकडून त्याचा स्वतःचा शब्द घेते. आणि स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून प्रार्थना करतात, ती कशासाठी? कानांनी देवाचा शब्द ऐकावा आणि मुखाने तो बोलावा, यासाठी. ज्या मुखासाठी चर्चमध्ये प्रार्थना केली, त्या मुखाला बोलता येण्याआधीच घरी येऊन आपण कानांचा निकाल लावतो.

मग योग्य वय कोणते? याचे उत्तरही आपल्याच घरात आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवीत. १९८३ च्या धर्मसंहितेतही सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेक आला, असे गृहीत धरले आहे. ज्या मुलीला वेदीवरील भाकर आणि घरची भाकर यांतील भेद कळतो असे आपण मानतो, तिला स्वतःच्या कानांविषयी हो किंवा नाही म्हणता येत नाही काय? बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारातील बाराव्या कलमाप्रमाणे मुलाला स्वतःविषयीच्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. त्याआधीच, १९९० साली, परमपीठाने त्याला मान्यता दिली होती. तेव्हा हे नव्या पिढीचे फॅड आहे, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

वैद्यकाचाही कौल याविरुद्ध नाही. "तान्ह्याला दुखणे आठवत नाही," असे म्हणतात. आठवत नाही म्हणून दुखत नाही, असे थोडेच आहे? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की काळजीपूर्वक टोचल्यास कोणत्याही वयात धोका थोडा. तरीही मूल स्वतः जखमेची निगा राखू शकेल तोवर थांबणे बरे. उलट बाजूही लपवीत नाही. काहींच्या त्वचेवर जखमेच्या जागी केलॉइड नावाची गाठ वाढते, आणि अकराव्या वर्षानंतर कान टोचल्यास ती होण्याची शक्यता अधिक, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. अभ्यास लहान होता. तरी ज्यांच्या घरात अशा गाठी आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. सात ते दहा या वयात शब्दही मिळतो आणि तो धोकाही टळण्याची आशा असते. राष्ट्रीय लसीकरणातील पाचव्या वर्षाचा धनुर्वातविरोधी डोसही तोवर झालेला असतो.

आता मुलग्यांविषयी दोन शब्द. चौदा वर्षांचा मुलगा "मला भिकबाळी हवी" म्हणाला की त्याच घरातील वडील संतापतात. मुलीने मागितले नव्हते, तरी तिला टोचले. मुलगा मागतो आहे, तर त्याला झिडकारले. दोन्हीकडे लेकराचा शब्द तेवढा मोजला गेला नाही. मुलगा मागेल ते द्यावेच, असे मी म्हणत नाही. भिकबाळी कानाच्या वरच्या कुर्चेत घालतात. ती जखम चिघळली तर कानाचा आकारच बिघडतो, हे त्याला समजावून सांगावे, थांबायला सांगावे. पण ऐकून घ्यावे. पालकांचा अधिकार ऐकण्याने कमी होत नाही.

"सोनारानेच कान टोचावेत" ही म्हण आपण उपदेशाच्या बाबतीत वापरतो. तिचा सरळ अर्थही पाळावा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्षी मुलीला विचारावे. एकदा नव्हे, काही दिवसांच्या अंतराने दोनदा-तीनदा विचारावे. किती दुखेल, सुमारे सहा आठवडे किती जपावे लागेल, हे खरे सांगावे. ती नाही म्हणाली तर विषय तेथेच सोडावा आणि आजीने लाडीगोडीने तो पुन्हा काढू नये. हो म्हणाली तर जाणत्या सोनाराकडे किंवा डॉक्टरांकडे, निर्जंतुक केलेल्या नव्या सुईने, फक्त पाळीतच टोचावे. दुकानातील पिस्तुलाचा मोह टाळावा. त्याचे प्लॅस्टिकचे भाग वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करता येत नाहीत. निकेल असलेला नकली दागिना ताज्या जखमेत घालू नये. त्याच्या त्रासामुळे युरोपात १९९४ साली अशा दागिन्यांवर निर्बंध घातले गेले.

आमच्या नातीचे कान आजही बुचे आहेत. परवा एका शेजारणीने पुन्हा विचारले, तेव्हा मी म्हटले, "बाई, तिला बोलता येऊ द्या." लेक आत स्वयंपाकघरात होती, तिने ऐकले. बाहेर येऊन तिने माझ्या हाती चहाचा कप दिला आणि काही न बोलता आत गेली. तीस वर्षांपूर्वी हे वाक्य मी कोणाला तरी म्हणायला हवे होते. वाचक मातापित्यांनो, आपल्या घरी पाळणा हालत असेल तर आपल्याला अजून वेळ आहे.