नवं घर, जुनं घर आणि अर्धं सामान

नवं घर बांधलं की माणूस चांगला दिवस पाहून जुन्या घरातलं सामान हलवतो. पण कुणी चूल नव्या घरात नेली, मिठाची बरणी जुन्यातच ठेवली आणि घरच्या बाईला दहा वर्षं या दारातून त्या दारात पळवलं, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? संगणकातल्या विंडोजनं नेमकं हेच केलं आहे.

संगणक आपल्या सोयीप्रमाणे लावून घ्यायची जुनी जागा म्हणजे कंट्रोल पॅनेल. ती १९८५ पासूनची. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हा तिच्या शेजारी दुसरं घर उभं राहिलं. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यावर सेटिंग्ज अशी पाटी लागली. सामान मात्र थोडं थोडंच हललं. विंडोज १० मध्ये लॅपटॉप किती मिनिटांनी झोपावा हे सेटिंग्जमध्ये ठरवायचं, आणि झाकण मिटल्यावर त्यानं काय करावं हे कंट्रोल पॅनेलमध्ये! २०२१ च्या विंडोज ११ नंतरही ही हलवाहलव चालूच राहिली.

शिकणारी पोरं धुंडाळून काढतात. पण ज्या आजीनं नातवाला विचारून एकेक पायरी वहीत उतरवली, तिनं काय करावं? संगणक नवा झाला की वहीतली वाट मोडते. ‘आपल्याला नाही बाई जमत’ म्हणून ती हात आखडते आणि बारीकसारीक कामाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. खरं नुकसान हे. वाट बदलली दुसऱ्यानं, आणि शरम चालणाऱ्याला!

म्हणून वहीत वाट लिहू नका, वस्तूचं नाव लिहा. शोधाच्या चौकटीत ते नाव टाकलं की बहुधा दोन्ही घरांतलं सापडतं. आणखी दोन किल्ल्या गाठीला बांधा. विंडोजची खूण असलेली कळ दाबून ‘आय’ दाबलं की सेटिंग्ज उघडतं. तीच कळ दाबून ‘आर’ दाबा, चौकटीत इंग्रजीत ‘कंट्रोल’ लिहा आणि एंटर दाबा, की कंट्रोल पॅनेल उघडतं. नुसतं उघडून पाहिल्यानं काही बिघडत नाही. मात्र काही बदलण्याआधी तिथं पहिलं काय होतं, ते टिपून ठेवा.

आणि संगणक घडवणाऱ्यांना एवढंच सांगणं: सामान हलवायचं तर सगळं हलवा, आणि जुन्या दारावर नव्या घराचा पत्ता लिहून ठेवा.