बागेतला पिंजरा: आधी खण पाडा, मग पक्षी आणा

आपल्या नगरपरिषदेच्या बागेत पक्ष्यांचा मोठा पिंजरा होतोय. लोखंडी सांगाडा उभा राहिलाय, जाळी मारायची बाकी आहे. पोरांना बघायला काहीतरी होतंय, चांगलंच आहे. पण ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, यात काय काय सोडणार? म्हणाला, "सगळंच. लव्हबर्ड, कॉकटेल, फिंच, खाली बदकं. रंगीत दिसलं पाहिजे ना साहेब!"

मंडळी, हे 'सगळंच' एकत्र सोडणं मला धोक्याचं वाटतं.

मुळात नावापासून घोळ आहे. आपल्याकडे बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटीचा, ३०-४० ग्रॅमचा, थव्यात रमणारा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. आखूड शेपटी, अंगाने ठेंगणा, चोच मात्र जबरी. नावात प्रेम असलं तरी आपली जोडीदारीण सोडून बाकीच्यांना तो जवळ उभं करत नाही. दुसऱ्या पक्ष्याचा पाय धरतो, बोटच तोडतो. जाळीला लटकलेल्या शेजाऱ्याचं सुद्धा पलीकडून. म्हणून त्याचा खण वेगळा हवाच, आणि मधे दोन जाळ्या हव्यात, त्यांच्यात चार बोटं अंतर ठेवून.

झेब्रा फिंच म्हणजे जेमतेम १२ ग्रॅमचा जीव. बजरीगर गरीब असला तरी अशा चिमण्याएवढ्या पक्ष्याला तोही जड जातो. फिंचला स्वतःचा खण द्या. कॉकटेल आकाराने मोठा, ८०-१०० ग्रॅम, पण स्वभावाने इतका मवाळ की छोटे बजरीगरच त्याला दाण्यावरून हुसकावतात. हे दोघे मोठ्या जागेत एकत्र राहू शकतात. अट एवढीच, दाण्याची आणि पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी हवीत. आणि मडकी! खरी मारामारी मडक्यावरून होते. मडकी लावायची तर जोड्यांपेक्षा जास्त, सगळी एकाच उंचीवर. नाहीतर लावूच नका. बागेला पिल्लांची काय घाई आहे?

अशा मिश्र पिंजऱ्यात पक्षी मेला की 'थंडीने गेला', 'हवा मानवली नाही' असं ऐकायला मिळतं. पायाची बोटं बघायची तसदी कुणी घेत नाही.

आता माणसांचं. बाजारातून आणलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी आजार घेऊन येऊ शकतो. पोपटवर्गातल्या पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा ताप आहे. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकातोंडात गेली की होतो. ताप, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो, पण डॉक्टरांना पक्ष्यांचा संबंध सांगणार कोण? हा पिंजरा रोज झाडणार आपल्या सफाई कामगार ताई. कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा, हे त्यांना सांगितलंय का? मास्क दिलाय का?

म्हणून नवा पक्षी थेट थव्यात सोडायचा नसतो. निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा, त्याची भांडी वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी. अशी खोली या आराखड्यात मला तरी दिसली नाही. कारंजं आहे, नामफलक आहे!

बदकं तर पूर्ण वगळा. पाणी घाण करतात, वरचे पक्षी तेच पाणी पितात. शिवाय बर्ड फ्लूचं काय? २००६ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली होती. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रानातली बगळे-बदकं वर बसणार, खाली विष्ठा पडणार. पिंजऱ्याचं निम्मं छप्पर तरी पत्र्याचं करा, दाणापाणी त्याखाली ठेवा.

अजून एक. पिंजरा झाला की कुणीतरी हौसेने घरचा हिरवा पोपट आणून देईल, कुणी मुनिया. हे आपले देशी पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळायला बंदी आहे. नगरपरिषदेने घेतले तर तीही त्यातच अडकेल. असा पक्षी आला तर सरळ वनविभागाला फोन.

जाळी अजून मारलेली नाही, तोवर खण पाडणं स्वस्तात होईल. एकदा वेल्डिंग झालं की 'आता राहू द्या' हेच ऐकू येणार. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतोय: तीन खण, दुहेरी जाळी, नव्या पक्ष्यांची खोली, सफाईचं साहित्य, आणि महिन्यातून एकदा पशुवैद्यकांची तपासणी. गावात पक्षी पाळणारे बरेच आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. काही राहिलं असेल तर खाली लिहा, निवेदनात घालतो. सह्यांसाठी सकाळी ११ वाजता बागेच्या फाटकाशी भेटू.